इंटरफेसचा दिवा लागतो, पण लॅपटॉप ओळखत नाही

रत्नागिरीहून एका गायन शिक्षिकेनं विचारलंय: "मी घरून गाण्याचे ऑनलाइन क्लास घेते. दोन वर्षांपूर्वी यूएसबीचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, घेतला. गेल्या आठवड्यापर्यंत छान चालू होता. आता विंडोजच्या लॅपटॉपला लावला की त्याचा दिवा लागतो, लॅपटॉपमधून डुंग-डुंग आवाज येतो आणि कोपऱ्यात 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड' अशी पट्टी दिसते. ड्रायव्हर काढून तीन वेळा टाकला. कॉम्प्युटरवाले म्हणतात, विंडोज मारायला लागेल. मारू का?"

ताई, विंडोज मारू नका, म्हणजे पुसून नव्यानं टाकू नका. तुम्ही जी पट्टी सांगितलीत तिच्यावरूनच जवळजवळ खात्रीनं म्हणतो, की बिघाड ड्रायव्हरमध्ये, म्हणजे इंटरफेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नाही आणि विंडोजमध्ये असण्याची शक्यताही फार कमी आहे. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे पुढं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

मी सांगलीत साउंडचं आणि रेकॉर्डिंगचं सामान दुरुस्त करतो, एकवीस वर्षं झाली. मिरज शेजारीच आहे, त्यामुळे गाणारी-वाजवणारी, शिकवणारी मंडळी माझ्याकडे बरीच येतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी असे इंटरफेस आले आणि तेव्हापासून "ओळखत नाही" ही तक्रार घेऊन आठवड्यातून एक तरी माणूस दुकानात येतोच.

या "ओळखत नाही"मध्ये लोक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. कुणाचा इंटरफेस जोडल्यावर लॅपटॉप हूं की चूं करत नाही. कुणाच्या लॅपटॉपला काहीतरी जोडलंय एवढं कळतं, पण काय जोडलंय ते कळत नाही. आणि कुणाच्या यादीत इंटरफेसचं नाव व्यवस्थित दिसतं, फक्त आवाज जात नाही किंवा येत नाही. तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींचं औषध वेगळं. तुमचं दुखणं दुसरं आहे आणि तुम्ही तीन वेळा दिलेलं औषध तिसऱ्याचं आहे.

आता जोडल्यावर नेमकं काय घडतं ते बघा. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात, काळी ग्राउंडची, आणि हिरवी-पांढरी ही डेटाची जोडी. इंटरफेसचा दिवा लागतो तो लाल आणि काळ्या तारेवर. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ वीज पोचली, एवढाच. डेटाच्या दोन्ही तारा तुटलेल्या असल्या तरी तो तितकाच लख्ख लागू शकतो.

वीज मिळाली की इंटरफेस हिरव्या तारेवर दीड किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज चढवतो. ही त्याची हाक: मी आलोय. तार वर गेलेली दिसली की लॅपटॉप पोर्ट रीसेट करतो आणि विचारतो, कोण आहेस? त्यावर इंटरफेसनं १८ बाइटचं एक छोटं उत्तर द्यायचं असतं. त्यात दोन नंबर महत्त्वाचे: बनवणाऱ्या कंपनीचा, ज्याला व्हीआयडी म्हणतात, आणि त्या मॉडेलचा, ज्याला पीआयडी म्हणतात. हे दोन नंबर हातात आल्यावरच विंडोज त्याला जुळणारा ड्रायव्हर शोधायला लागतं.

तुमच्याकडे हाक पोचतेय, म्हणून आवाज आणि पट्टी येतेय. पण १८ बाइटचं उत्तर धड येत नाहीये. नावच कळलं नाही तर विंडोज ड्रायव्हर लावणार कुणाला? म्हणून तीनदा टाकून फरक पडला नाही, आणि विंडोज नव्यानं टाकलं तरी तेही हाच प्रश्न विचारेल आणि त्यालाही उत्तर मिळणार नाही. आणखी एक गोष्ट यातून कळते. हिरवी तार पूर्ण तुटली असती तर हाकच गेली नसती, पट्टीही दिसली नसती. तेव्हा माझा संशय अर्धवट कॉन्टॅक्टवर आहे: पांढरी तार सुटलेली, पिनेवर गंज, किंवा सॉकेटचं सोल्डर तडकलेलं. वीज कमी पडत असली तरी असंच दिसू शकतं, त्याकडे खाली येतो.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघून घ्या. विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'युनिव्हर्सल सिरीअल बस कंट्रोलर्स'च्या खाली पिवळ्या त्रिकोणासह 'अननोन यूएसबी डिव्हाइस' दिसेल. बहुतेक त्यापुढेच 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असंही लिहिलेलं असेल. त्यावर डबल क्लिक केलंत की कोड ४३ सापडेल. मग डीटेल्स या भागात जाऊन प्रॉपर्टीच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हीआयडीपुढे ०००० असेल, तर मी म्हणतो तसंच आहे: नाव पोचलेलंच नाही. तिथे शून्यांऐवजी खरा चार अक्षरी नंबर असेल तर माझं निदान बदलतं, कारण मग तारा-सॉकेट शाबूत आहेत आणि ड्रायव्हरकडे बघायला हवं. या एका ओळीनं अर्धा दिवस वाचतो, म्हणून मी टेबलावर कुठलाही इंटरफेस आला की सगळ्यात आधी तीच ओळ बघतो.

०००० दिसलं असं धरून पुढे सांगतो.

आधी इंटरफेस मोकळा करा. माइक, हेडफोन, स्पीकरच्या वायरी सगळ्या काढा, ४८ व्होल्टचं फँटम पॉवरचं बटण बंद करा. लॅपटॉपचे बाकीचे यूएसबी, म्हणजे माउस, पेन ड्राइव्ह, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी), तेही काढा. इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा, मधे एक्स्टेन्शन नको. कारण असं: ओळख पटेपर्यंत यूएसबी २.० च्या उपकरणानं १०० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यायचा असतो. ओळख पटल्यावर त्याला ५०० मिलिअँपिअरपर्यंत परवानगी मिळते. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट इंटरफेस त्याच ५ व्होल्टमधून तयार करतो, म्हणजे सुरुवातीलाच ओढ वाढते. केबल बारीक आणि लांब असेल तर ५ व्होल्टचे इंटरफेसपाशी पोचेपर्यंत साडेचारच उरतात. दिव्याला तेवढे पुरतात, आतल्या चिपला पुरतीलच असं नाही. स्वतःचा अॅडॅप्टर नसलेला हब तर प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो.

मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. रीस्टार्टच, शटडाउन नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. आदल्या दिवशी अडकलेलं यूएसबी दुसऱ्या दिवशीही अडकलेलं राहू शकतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. तरीही फरक नसेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन करा, चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. पोर्टला एखादा झटका बसून तो गप्प झाला असेल तर पुष्कळ लॅपटॉप यानं ताळ्यावर येतात. तुमच्याकडे गेल्या आठवड्यात विजा झाल्या होत्या का, हे मला ठाऊक नाही. झाल्या असतील तर हे नक्की करा.

आता केबल. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा केबलच सापडते, आणि सगळ्यात कमी लोक ती बदलून बघतात, कारण "दिवा लागतोय की". तुमच्या इंटरफेसचं सॉकेट चौकोनी, वरचे दोन कोपरे कापल्यासारखं असेल, तर घरातल्या प्रिंटरची केबल त्यात बसते. ती लावून बघा. टाइप-सी असेल तर अशी केबल घ्या जिनं तुम्ही फोनमधले फोटो कधीतरी लॅपटॉपवर घेतले आहेत. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. नवी केबल विकत आणायच्या आधी ही खात्रीची, चालू असलेली केबल लावून बघणं महत्त्वाचं, कारण नवी केबलसुद्धा खराब निघते आणि मग माणूस भलत्याच रस्त्याला लागतो.

केबलनंतर पोर्ट. लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचे पोर्ट एकेक करून बघा. कुणाचा डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडा, मागचे वापरा. मागचे थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यांना आतून एक वायर जाते आणि ती अनेकदा ढिली असते. जुने इंटरफेस काही लॅपटॉपच्या यूएसबी ३.० च्या पोर्टवर रुसतात, तिथे अॅडॅप्टरवाला २.० चा हब मधे घातला की चालतात. वर हब काढा म्हणालो आणि इथे घाला म्हणतोय, तर फरक लक्षात घ्या: काढायचा तो वीज नसलेला हब, आणि घालून बघायचा तो स्वतःची वीज असलेला, तोही थेट जोडून काही झालं नाही तरच.

इतकं करूनही तीच पट्टी आली, तर इंटरफेसच्या सॉकेटकडे वळा. तुम्ही रत्नागिरीच्या आहात, म्हणून इथे जरा थांबतो. किनाऱ्यावरून माझ्याकडे आलेल्या सामानात जे दिसतं ते घाटावरच्या सामानात क्वचित दिसतं. मागच्या पावसाळ्यानंतर एक इंटरफेस आला होता, अगदी हेच दुखणं. टॉर्च मारून सॉकेटमध्ये बघितलं तर चारपैकी दोन पिना सोनेरी होत्या आणि दोन हिरवट, वर पिठासारखा थर. खारी दमट हवा आणि त्यातून वाहणारा करंट, दोन्ही मिळून पितळ खातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवलेल्या बारीक ब्रशनं चारदा घासलं, पंधरा मिनिटं वाळू दिलं, आणि पहिल्याच वेळी नाव दिसलं. हे तुम्ही घरीही करू शकता. केबल काढून, इंटरफेस पूर्ण बंद ठेवून, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशचे दोन-चार केस ठेवून बाकीचे कापले की ब्रश तयार होतो. केबलच्या टोकालाही तसंच करा. हाताला लावायचं सॅनिटायझर मात्र वापरू नका. त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात, ते आत राहतात. पिन किंवा सुई घालून खरवडू तर मुळीच नका, वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात गंज आणखी वेगानं चढतो.

साफ करूनही नाव येत नसेल तर एक चाचणी करा. केबल लावलेली असताना सॉकेटपाशी प्लग अंगठ्यानं हळूच वर, खाली, डावीकडे दाबून धरा. जोर नको, नुसता कल द्यायचा. एखाद्या कलावर लॅपटॉपनं नेहमीचा चढत्या सुराचा आवाज देऊन इंटरफेस ओळखला, तर बहुतेक सॉकेटचं सोल्डर बोर्डवरून सुटलंय. घरात क्लास चालतात, मुलं येतात-जातात, केबलला पाय अडकतो, आणि तो प्रत्येक हिसका त्या चार टाक्यांवर येतो. भिंगातून बघितलं तर टाक्याभोवती केसाएवढी गोल रेघ दिसते. ती तडा. सोल्डर नव्यानं भरायला मला दहा मिनिटं लागतात. वॉरंटी शिल्लक असेल तर इंटरफेस उघडू नका, कंपनीकडे पाठवा. संपली असेल तर जवळच्या टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि त्यांना एवढंच सांगा: "यूएसबी सॉकेटचे टाके बघा, आणि डेटा लाइनवरचं प्रोटेक्शन शॉर्ट आहे का ते मोजा." सॉकेटच्या मागे तांदळाच्या दाण्याहून लहान एक भाग असतो, तो वीज कडाडल्यावर स्वतः जळून पुढची चिप वाचवतो. तो जळाला तर डेटाची तार ग्राउंडला चिकटते आणि मागचं सगळं ठणठणीत असूनही ओळख पटत नाही.

शेवटची कसोटी म्हणजे दुसरा लॅपटॉप. शेजारचा, मैत्रिणीचा, कुठलाही. खात्रीच्या केबलनं तिथे लावा. तिथेही तीच पट्टी आली तर दुखणं इंटरफेसमध्ये आहे, तुमच्या लॅपटॉपची सुटका झाली. तिथे नाव दिसलं, तर तुमच्या लॅपटॉपचा पोर्ट संशयित. तिथे नाव दिसलं पण ड्रायव्हर मागितला, तरी ते चांगलंच लक्षण आहे. नाव दिसणं हीच परीक्षा होती.

मी विंडोज मारण्याच्या इतका विरोधात का आहे, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वी एक बाई आल्या, त्याही शिकवणाऱ्या. एका दुकानात त्यांचा लॅपटॉप दोनदा फॉरमॅट झाला होता आणि इंटरफेस तरी ओळखत नव्हता. मी केबल बदलली, चालू झाला. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण त्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर त्यांच्या गुरूंच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या तालमींची रेकॉर्डिंग होती. बॅकअप घेतलेला नव्हता, आणि दुकानानंही विचारलं नव्हतं. दोनदा विंडोज चढल्यावर त्यातलं काही हाती लागलं नाही. ती केबल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. तुमच्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांची, गुरुजींची, स्वतःच्या रियाजाची जी काही रेकॉर्डिंग असतील, ती आजच एका वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, इंटरफेस सुरू होवो न होवो.

ज्यांना तिसरं दुखणं आहे, म्हणजे नाव दिसतं पण आवाज नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन बघा. डेस्कटॉप अॅप्सना माइकची परवानगी बंद असेल तर इंटरफेस दिसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये सपाट रेघ येते. मग साउंडमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्ही ठिकाणी इंटरफेस निवडा, आणि क्लासच्या अॅपमध्येही वेगळा निवडा, कारण अॅप स्वतःची निवड लक्षात ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० किंवा २८ दिसत असेल तर ड्रायव्हरचा उपाय इथे खरा लागू पडतो: इंटरफेस काढा, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका आणि तो सांगेल तेव्हाच इंटरफेस जोडा. आधी जोडून मग ड्रायव्हर टाकणारे इथेच फसतात. विंडोजमध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ चा (इंटरफेसनं लॅपटॉपशी बोलायची ही एक ठरलेली पद्धत) स्वतःचा ड्रायव्हर २०१७ च्या विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून आला. त्याहून जुन्या विंडोजवर असा इंटरफेस कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालणार नाही.

मॅकवाल्यांनी 'सिस्टीम इन्फर्मेशन'मधल्या यूएसबीच्या यादीत नाव बघावं. एम चिपच्या मॅकबुकवर व्हेंचुरापासून नवी वस्तू जोडली की आधी परवानगी विचारली जाते. ती खिडकी घाईत नाकारली गेली असेल तर इंटरफेसला वीज मिळते, पण डेटा नाही. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' चालवा. तिथेही नाव नसेल तर वर ताईंना सांगितलेला रस्ता, केबलपासून.

ताई, राहिला उद्याचा क्लास. इंटरफेस सुरू होईपर्यंत फोनवरून घ्या, वायरचा इअरफोन लावून, माइक तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला. तंबोरा दुसऱ्या फोनवर लावा, पण क्लास झूमवर असेल तर त्यात 'ओरिजिनल साउंड' चालू करायला विसरू नका. एरवी अॅप तंबोऱ्याच्या सलग नादाला पंख्याचा आवाज समजून दाबत राहतं आणि मुलांना षड्ज सापडत नाही.